माग्डेबुर्गजवळचे छायाचित्र
कापलेल्या गव्हाच्या पेंढ्याचा वास आला, की जर्मनीतल्या माग्डेबुर्गजवळचा तो सपाट मुलूख आठवतो. आम्ही राहत होतो त्या वाल्डॉर्फहून कॅमेरा घेऊन मी प्रथमच एकटी गाडीने निघाले होते. तोवर परक्यांशी जर्मन बोलण्याचे काम माझ्या यजमानांकडे असे. मी क्षितिज चौकटीत बसवत असताना एका वृद्ध शेतकऱ्याने ट्रॅक्टर थांबवून दरडावले, “कोणाला विचारून फोटो काढताय?” परवानगीच्या प्रश्नात जर्मनमध्ये मुख्य क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते, हे आठवून मी सावकाश विचारले, “मी इथे फोटो काढू शकते का?” वाक्य अचूक जमले. “आल्झो, बरं तर,” तो म्हणाला, “कोणत्या पेपरने पाठवलं तुम्हाला?” “कोणीच नाही. माझी मी आले.” त्याने टोपी काढली, केस सारखे केले आणि ट्रॅक्टरशेजारी ताठ उभा राहिला. आमच्या भिंतीवरचे त्याचे ते छायाचित्र कोणी काढले, असे पाहुण्यांनी विचारले की मी आजही पूर्ण वाक्यात सांगते, “हे छायाचित्र मी काढले आहे.”