तक्रारी वाढवणारी बाई

नगर कार्यालयाचं तक्रारींचं ॲप सांभाळणाऱ्या बाईंना सगळे 'घाईताई' म्हणत. चहा निवायची वाट पाहणंही त्यांच्या जिवावर यायचं. अशा बाईच्या पुढ्यात एक दिवस सासऱ्यांनी फोन ठेवला.

"सूनबाई, कोपऱ्यावरच्या खड्ड्याचा फोटो चौथ्यांदा पाठवतोय. तुझं ॲप मख्खासारखं बसून राहतं आणि शेवटी विचारतं, 'बंद करू का?' म्हटलं, कर बाबा एकदाचं!"

ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी कोड उघडताच दोष सापडला. ॲपचा जो मुख्य धागा, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा 'थ्रेड', स्क्रीन हलती ठेवतो, बोटाचा स्पर्श ओळखतो, त्याच्याच गळ्यात आधीच्या कंत्राटदाराने फोटो लहान करून पाठवण्याचंही लोढणं बांधलं होतं. खिडकीवरच्या कारकुनालाच आत फायली शोधायला धाडलं, तर रांग हलणार कशी? ताईंनी ते काम मागच्या वेगळ्या धाग्यावर टाकलं. नेट नसेल तर फोटो थांबून राहील, नेट आलं की आपला आपण जाईल, अशी सोयही केली.

नवी आवृत्ती सोमवारी लोकांच्या हाती गेली. आठवड्याला जेमतेम चाळीस तक्रारी यायच्या. गुरुवारपर्यंत नऊशे आल्या.

साहेबांनी तातडीने बोलावलं. 'ॲपमुळे तक्रारी घटल्या' असा अहवाल त्यांनी नुकताच वर पाठवला होता.

"काय केलंत हे? चार दिवसांत शहर बिघडलं!"

"शहर होतं तसंच आहे, साहेब. आधी तक्रारी पोचतच नव्हत्या."

"म्हणजे सगळं नीट चाललं होतं की! पूर्ववत करा."

"करते. फक्त लेखी द्या, 'ॲप पुन्हा अडकवावं.' खाली तुमची सही."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं. संध्याकाळी लेखी आदेश आला, पण तो ताईंच्या बदलीचा. तक्रार निवारण कक्ष, तळमजला.

तिथे दिवसाला आठ तक्रारींची सवय झालेले दोन कारकून होते. थोरला म्हणाला, "ताई, नऊशे आहेत. आधी जेवून घेऊ."

"तुम्ही घ्या," म्हणत ताईंनी रस्ते विभागाला फोन लावलासुद्धा. मग रोज लावत राहिल्या, सकाळ-संध्याकाळ. इंजिनिअर लोक त्यांचा नंबर ओळखून दचकू लागले, आणि दचकण्यापेक्षा काम केलेलं परवडतं हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं.

वर्षअखेर त्या नऊशेंपैकी सातशे तक्रारी निकाली निघाल्या. त्याबद्दल साहेबांना बढती मिळाली, सभागृहात सत्कार झाला. ताई गेल्या नाहीत. पाणीपुरवठ्याचा मुख्य इंजिनिअर नेमका तेव्हाच फोनवर सापडला होता.