जड माउस

कॉम्प्युटरच्या सामानाच्या दुकानात माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते. त्यांनी दोन हातांत दोन माउस घेतले, डोळे मिटले आणि बाजारात नारळ पारखावेत तसे ते खालीवर केले.

"हा द्या. जड आहे, टिकेल," ते म्हणाले. दुकानदाराने तो महागातला माउस पिशवीत घातला.

असल्या माणसांची मला मनस्वी चीड येते. बटण दाबून बघायचं नाही, आत काय आहे ते विचारायचं नाही. तांब्यापितळेची भांडी वजनावर घेता घेता यांची सगळी अक्कल तळहातात उतरली आणि तिथेच राहिली. माल बनवणाऱ्यांनी ती बरोबर हेरली आहे. माझा एक भारीतला माउस दोन महिन्यांत बंद पडला, तेव्हा मी तो उघडला होता. आत बिस्किटाच्या तुकड्याएवढं सर्किट होतं आणि शेजारी स्क्रूने आवळलेली लोखंडाची पट्टी. तिला वायर नव्हती, काही काम नव्हतं. ती निव्वळ गिऱ्हाइकाच्या तळहातासाठी बसवली होती. लोखंड विकत घ्यायचं आणि त्याला दर्जा म्हणायचं, इतके आपण स्वस्त आहोत.

"बोला साहेब, तुम्हाला काय देऊ?" दुकानदाराने मला विचारलं.

"मलाही माउसच हवाय. पण चांगला दाखवा."

त्याने एक समोर ठेवला. मी तो उचलला, हातातल्या हातात दोनदा खालीवर केला आणि म्हणालो, "हा फारच हलका वाटतोय हो."