एक-सहा म्हणजे दीड

मस्कतला असलेल्या माझ्या भाचीला दिवस गेले, तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला आणि तिच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा, चेहरा पडला. जावई कंपनीत शिफ्टला जाणार, त्याची आई केव्हाच गेलेली. बाळंतपण करायला ताईशिवाय कोणी नव्हतं. पासपोर्ट निघाला, तिकीट आलं, आणि निघायला पंधरा दिवस उरले असताना ही बाई म्हणते, मी जात नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथलं पैसं मला कळायचं नाय गो. साधी भाजी आणायला पण जावयाच्या हाताकडं बघत बसू?"

ताई जोह्याच्या एका कारखान्यात गणपतींची आखणी करते, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवते. आयुष्यभर स्वतःच्या कमाईवर जगलेली बाई. मी रोह्याला प्राथमिक शिक्षिका, राहायला शेजारच्या अष्टमी गावात. नाणी-नोटांचा धडा मी दरवर्षी शिकवते, त्यामुळे हे काम म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी धरून चालले.

रविवारी गाडीने पेण गाठलं आणि तिथून एसटीने जोहे. जुन्या कॅलेंडरच्या नोटा कापून नेल्या होत्या. एक रियाल, अर्धा रियाल, शंभर बैसा, शिवाय पुठ्ठ्याची चिल्लर. भाचीने तिथल्या दुकानातल्या किमतींचे फोटो पाठवले होते. एका रियालचे हजार बैसे, म्हणून प्रत्येक किमतीत पॉइंटनंतर तीन आकडे. त्या किमती मी पाटीवर उतरवल्या आणि कारखान्याच्या पडवीत दुकान मांडलं, शाळेत मांडते तसंच.

कांदे ०.६००. ताईने अर्ध्या रियालची नोट दिली. मी म्हटलं, कमी पडले. मासे १.३००, तर तिने मोजून सव्वा रियाल ठेवला. ०.९०० ला पाऊण. मी दहावा भाग, शंभरावा भाग, हजारावा भाग असं सगळं उलगडून सांगितलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा कांद्यांना अर्धा रियाल काढून दिला. तिसऱ्या खेपेला माझं डोकं सटकलं.

"अगं, माझ्या पाचवीतल्या पोरांना येतं हे."

कागदी नोटा नीट एकावर एक ठेवून ताईने माझ्या पिशवीत घातल्या. मग म्हणाली, "तेच सांगते ना. तिथं पण कुणीतरी असंच बोलंल." आणि आत जाऊन ब्रश हातात घेतला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दशांश पाचवीत येतात आणि ताईची शाळा चौथीत सुटली. बाबा गेल्यावर ती या कारखान्यात बसली म्हणून मी डीएड होऊ शकले. हे सगळं ठाऊक असून मी ते बोलले. आता तिकीट वाया जाणार, आणि भाची परक्या देशात एकटी बाळंत होणार, तेही माझ्या तोंडामुळे.

परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तेवढ्यात मालकांनी तिला दीड फुटाच्या चार मूर्ती बाजूला काढायला सांगितल्या. तिने फळीवरच्या मूर्ती फिरवून पाठी बघितल्या आणि चार काढल्या. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, १.६.

मी विचारलं, ताई, हे दीड कसं?

शाळेत एखाद्या मठ्ठ पोराकडे मी जशी बघते, तशी ती माझ्याकडे बघायला लागली. "एक फूट सहा इंच. मग दीडच ना?" शेजारच्या फळीवर १.३, म्हणजे सव्वा फूट. खालच्या छोट्या मूर्तींवर ०.९, म्हणजे पाऊण.

इतकी वर्षं ती पॉइंट असाच वाचत आली होती. सकाळपासूनही तिने प्रत्येक उत्तर त्याच एका नियमाने दिलं होतं. तो नियम ओळखायला मास्तरीणच कमी पडली.

मी पाटी घेऊन आले आणि सगळे पॉइंट बोटाने पुसून टाकले. म्हटलं, हा नाहीच असं समज. कांदे सहाशे बैसे, मासे तेराशे बैसे, आणि रियालची नोट म्हणजे हजार.

"मंग सकाळपासनं तू हजारावा भाग कशाला करत बसलीस?" ताईने विचारलं. मी दुकान पुन्हा मांडलं. अर्ध्या तासात तिने सगळा बाजार बिनचूक केला, वर मोड देताना मीच पन्नास बैसे कमी दिले, ते वाजवून घेतले.

ताई मस्कतला गेली. पाचव्या दिवशी भाचीचा घाबराघुबरा फोन आला. आई न सांगता एकटीच खाली दुकानात गेली होती, मोबाइल घरीच ठेवून. पोरीला नववा महिना, तिला धड उठवत नव्हतं. आम्ही दोघी फोन धरून बसलो. बऱ्याच वेळाने दार वाजलं. शेपू, मासे, लिंबं असं सगळं घेऊन ताई आली होती. दुकानदार उरलेले दोनशे बैसे द्यायला विसरला, तर भाषा येत नसताना दोन बोटं दाखवून ते घेऊन आली.

भाचीने फोन तिच्या हातात दिला. मी माफी मागायची ठरवली होती, पण तिने मला बोलूच दिलं नाही.

"सुट्टी लागली की तू पण ये गो," ती म्हणाली. "पैशाला भिऊ नको. मी हाय ना, शिकवते तुला."

मी दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर पासपोर्टचा अर्ज भरला.