वास येतोय का?

बेकरीत तीन भट्ट्या होत्या, भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं आणि एक बिस्किटमावशी होत्या. घड्याळ अधूनमधून बंद पडायचं. मावशी एकतीस वर्षांत एकदाही बंद पडल्या नाहीत. भट्टीकडे पाठ करून पीठ मळत असल्या तरी मध्येच म्हणायच्या, "दोन नंबरचा ट्रे काढा," आणि बिस्किटं निघायची ती नेमकी बदामी. मालक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचा, की घड्याळाकडे बघू नकोस, बाईंच्या नाकाकडे बघ.

बेकरी सुटल्यावर त्यांनी घरी गॅसचा ओव्हन घेतला आणि जिन्यावरच्या चार बिऱ्हाडांना बिस्किटं पुरवू लागल्या. त्या ओव्हनला ना काच, ना काटा, ना घंटा. लागतं कुणाला? नाकाने कांदे सोलणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या, पण नाकाने संसार करणारी ही एकच, असं सुतारकाका म्हणजे त्यांचे यजमान चारचौघांत सांगायचे. मावशी नाक मुरडायच्या, पण ऐकायला त्यांना आवडायचं.

गेल्या वर्षी ताप आला. दोघांनाही आला. मावशी उठल्या, काका उठले नाहीत.

सगळं आटोपलं, माणसं पांगली, तेव्हा मावशींनी कपाटातून काकांचा करडा स्वेटर काढला आणि तोंडावर धरला. लाकडाचा भुसा आणि सरस, असा तो वास. चाळीस वर्षं तो त्यांच्या उशाशी होता. काहीच आलं नाही. कुणी धुतला की काय, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी कांदा चिरून हुंगला, कॉफीचा डबा उघडून हुंगला. पाणी हुंगावं तसं. आता रडू येईल म्हणून त्या खाटेवर जरा वेळ बसून राहिल्या. तेही आलं नाही. मग उठून त्यांनी भांडी घासली.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई, नाकच गेलं हे कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय लेक होती. लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, दर आठवड्याला यायची. एकदा ती आली तेव्हा जिन्यात धूर होता आणि मावशी ओव्हनच्या शेजारीच बसून मोजे विणत होत्या. विणता विणता डोळा लागला, असं त्या खोटंच बोलल्या. लेक तेव्हा एवढंच म्हणाली, की आणखी एकदा असं झालं तर हे घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं. लेकीचं घर चांगलं होतं, जावई सालस होता, पण तिथल्या स्वयंपाकघरात मावशींना कुणी चहाचं भांडंसुद्धा उचलू देत नसे. आयुष्यात हातातून सुटू नये असं त्यांच्याकडे आता एकच उरलं होतं, आपला ओटा.

पुढे जुन्या ओव्हनचा तळ गंजून गळून पडला आणि मायलेकी दुकानात गेल्या. दुकानदार विजेच्या ओव्हनचे गुण गात होता. वर-खाली सारखी आच, दाराला काच, आकड्यांचा काटा, वेळ झाली की घंटा. मावशींना हे सगळं त्याच्याहून जास्त ठाऊक होतं. गॅसच्या आचेत ओल राहते, ती पावाला मानवते. बिस्किटाला विजेची कोरडी आच बरी. लेकही म्हणत होती, विजेचाच घेऊ. पण एकतीस वर्षं घड्याळाला न विचारणारी बाई चटकन घंटेला हो म्हणाली, तर लेकीच्या मनात पाल चुकचुकणार नाही का? मावशी म्हणाल्या, वीज गेली तर काय करायचं, गॅसचाच द्या. गॅस सुटला तर आपल्याला कळणार नाही, हे त्यांना कळत होतं. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

दोन दिवसांनी दुपारी फिटर आला. लेक मुद्दाम सुट्टी घेऊन आली होती आणि आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. फिटर जुन्या वळणाचा, कामात चोख. खिडक्या उघड्या ठेवून त्याने नळी जोडली, सांध्यांना साबणाचा फेस लावला, एकही बुडबुडा आला नाही. मग त्याने आपली नेहमीची पद्धत पाळली. घरच्या बाईला गॅसचा वास एकदा ओळखीचा करून दिल्याशिवाय तो पायरी उतरत नसे. त्याने सांधा किंचित सैल केला आणि मावशींकडे वळला.

"मावशी, वास येतोय का?"

आजवर किती फिटर आले आणि गेले. काम झाल्यावर सगळे हेच विचारायचे, आणि त्याचं बरोबर उत्तर एकच असायचं.

"छे, अजिबात नाही," मावशी म्हणाल्या. "छान काम केलंत."

फिटर त्यांच्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात लेक नाकाला पदर लावून दारात आली. फिटरने सांधा घट्ट केला आणि खिडकी आणखी उघडली.

"केव्हापासून, आई?"

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे दाबायला नाकच उरलं नव्हतं, तरी मावशींचं तोंड उघडलं.

"तापापासून." मग त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांचा स्वेटर आहे कपाटात. त्याला अजून वास आहे का, बघशील? मला वर्षभर कुणाला विचारता आलं नाही."

लेक आत गेली. बराच वेळ आली नाही. फिटरने उगाच पाने पुसून पिशवीत ठेवले. ती आली तेव्हा स्वेटर तिने छातीशी धरला होता आणि डोळे लाल झाले होते.

"आहे," ती म्हणाली. "भुसा. आणि सरस थोडा."

मावशींनी मान हलवली. हिशेब जुळल्यावर हलवावी तशी. आता घराचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. ओट्यावरचा साबणाचा फेस त्यांनी फडक्याने पुसला, मग पुसलेलाच पुन्हा पुसला.

फिटरने हळूच विचारलं, की ओव्हन परत नेऊन विजेचा पाठवायचा का.

"हो," लेक म्हणाली. "घंटा मोठ्याने वाजते तो."

"पावतीवर पत्ता कुठला लिहू?"

लेकीने आईच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

"हाच," ती म्हणाली.