वाणाला मृग नक्षत्र

१८ जानेवारी, रविवार, अमावास्या. बारामतीच्या घरी मी हळदीकुंकवासाठी तिळाचे लाडू वळत होते. चाळीस बायकांना आमंत्रण गेलं होतं, वाण मात्र तयार नव्हतं. गेल्या वर्षी वाटलेले प्लॅस्टिकचे डबे घरोघरी पडून होते, म्हणून यंदा मी सगळ्यांसमोर सांगून बसले होते: मृग नक्षत्राचा फोटो वाटणार, तोही स्वतः काढलेला. हळदीकुंकू शुक्रवारी. चंद्र नाही आणि मला सुट्टी आहे, अशी संध्याकाळ ही एकच.

दुपारी भवानीनगरच्या पुढं आमच्या शेतावर गेले. तिथं सासरे आणि धाकटी जाऊ राहतात. जुना कॅमेरा, त्याच्यासोबत मिळालेली साधी लेन्स आणि तीन पायांचा हलका स्टँड. सुरुवातीला एवढं पुरतं, हे मी नीट वाचून घेतलं होतं.

"आक्का, अमावास्येला रानात निघालाय व्हय?" जाऊ हसली. "त्यापरीस डबा बरा. डाळ तरी ठेवता येती."

आठ वाजता दारातले दिवे बंद करायला लावले. साखर कारखान्याचा उजेड पाठीमागं होता. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात स्टँड लावला. त्याचे पाय मातीत रुतले, म्हणजे पक्के बसले असं धरून चालले. व्याधाचा तारा स्क्रीनवर मोठा करून त्याचा बारीक ठिपका होईपर्यंत लेन्स फिरवली. बोटाचा धक्का नको म्हणून टायमर लावला. दहा सेकंदांचा एक फोटो घेतला. प्रत्येक ताऱ्याला खाली शेपूट. सहा फोटो काढले, सहाही तसेच.

सासरे ओट्यावरून ओरडले, "कुठं उभं केलंस ते?"

"मोकळ्या रानात, आबा."

"काल पाणी दिलंय तितं! वाफसा न्हाय आजून. आमी बैल घालत न्हाय, आन् तू काड्या रोवल्यास!"

मी शेतकऱ्याची मुलगी. भिजलेली काळी जमीन पाय ठरण्याइतकी सुकल्याशिवाय तिच्यात शिरायचं नसतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. टॉर्च मारला. स्टँडचा एक पाय बोटभर खचला होता; फोटो निघेपर्यंत कॅमेरा हळूहळू झुकत होता.

चिखल पुसून स्टँड विहिरीजवळच्या सिमेंटच्या कट्ट्यावर नेला. मोटार चालू होती, कट्टा थरथरत होता. आबांनी ती बंद केली.

"धा मिनटं. लाईट परत जायच्या आत पाणी फिरवायचंय मला."

मला सात मिनिटं लागली. आता शेपूट नव्हतं. जाऊ स्क्रीनवर वाकली. "व्हय की! तीन तारे एका रांगंत!" डब्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी बारामतीतल्या स्टुडिओत गेले. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, फार काळा आलाय, उजळ करू का?"

"हात लावू नका, अमावास्येचं आभाळ आहे ते," म्हटलं, आणि चाळीस प्रती सांगून कामावर गेले.