एकाच नळीचा चहा

माँटेव्हिडिओत लोक काखेत गरम पाण्याचा थर्मास मारून फिरतात. भोपळ्याच्या वाटीत माते नावाचा कडू चहा असतो आणि एकाच नळीनं सगळे आळीपाळीनं तो ओढतात. आमच्या घरी सख्ख्या बहिणीचंही उष्टं पाणी कुणी पीत नाही. पण स्पॅनिश शिकायला आले तेव्हा ज्यांच्याकडे राहिले, त्या मार्तामावशींनी पहिल्याच संध्याकाळी वाटी पुढे केली, माझे केस मागे सारले आणि म्हणाल्या, "तू आता माझी मुलगीच." मी डोळे मिटून घोट घेतला.

काल कोर्स संपला, खोली सोडली. आज शहर बघत नदीकाठानं चालले होते, तर बाकावर मावशी. शेजारी नवी विद्यार्थिनी. तिचे केस मागे सारत म्हणत होत्या, "तू आता माझी मुलगीच." तोच हात, तोच सूर.

सगळ्यांना वाटून दिलेली मायाही खरीच असेल. मला मात्र ती फक्त माझी वाटली होती.

मावशींनी मला पाहिलं, आनंदानं सरकून जागा केली, वाटी पुढे धरली. नळीच्या टोकाला त्या मुलीची लिपस्टिक लागली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला किळस आली.