साडेतीन जार इनामदार

काही माणसं मातीची असतात आणि काही पाण्याची. आमचा मिलिंद पाण्याचा होता. हे वाक्य माझं नाही. कंपनीतल्या शोकसभेत एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ते दोनदा उच्चारलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून. मागे पडद्यावर कयाक नावाच्या अरुंद होडीत बसलेल्या एका माणसाचं छायाचित्र होतं. माणूस पाठमोरा, समोर निळं तळं, काठाला बर्फ. तो मिलिंद नव्हे, हे सांगायला मी हात वर करणार होतो, पण शोकसभेत हात वर करायची पद्धत नाही. वाक्याबद्दलही माझी थोडी तक्रार होती. मिलिंद विश्रांतवाडीत वाढला, लग्नानंतर वाघोलीत फ्लॅट घेऊन राहिला, आणि त्याच्या सोसायटीत पाणी टँकरने यायचं. त्या अर्थाने तो पाण्याचा होता हे मान्य. आठवड्यातले दोन दिवस तरी त्याच्या डोक्यात दुसरं काही नसे.

तो गेल्याचं मला त्याच्या बायकोने, सुजाताने, फोनवर सांगितलं. ऑफिसच्या बसमध्ये गेला. हृदयविकार. नगर रस्ता तुंबलेला, बस पाऊण तास एका जागी उभी. शेजारच्याला वाटलं झोपलाय. मिलिंद बसमध्ये रोजच झोपायचा, त्यामुळे शेजारच्याला बोल लावता येत नाही. वाघोली आली तेव्हा उठवायला गेले... मी फोन ठेवला आणि मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की अष्टमी चार दिवसांवर आहे आणि या वेळी आपल्याला नाही म्हणावं लागणार नाही. पहिल्यांदा मनात काय येतं यावर माणसाचा ताबा नसतो. नंतर काय येतं त्यावर थोडाफार असतो.

नाही म्हणायचं ते कशाला, हे सांगायला जरा मागे जावं लागेल. आम्ही दोघं एकाच कंपनीत. तो सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा, मी त्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहितो. कोणीही वाचत नाही अशा पुस्तकांचा मी बऱ्यापैकी अनुभवी लेखक आहे. माझं आडनाव इनामदार. इनाम कुठलं आणि कोणी दिलं ते आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. कसबा पेठेतल्या दोन खोल्या तेवढ्या आहेत. शतक बदलताना जगभरच्या संगणकांचं काय होणार या काळजीत पुण्यातली शेकडो मुलं विमानात बसवली गेली, त्यांत मिलिंदही फ्लोरिडात गेला. जगबुडी काही झाली नाही. पण तिथल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने त्याला ऐन डिसेंबरात, अर्ध्या चड्डीत, प्लास्टिकच्या होडीतून उथळ कोमट पाण्यात मासे धरायला नेलं. समुद्र म्हणजे लाटा, वादळ, बुडणं असं चित्र इथून घेऊन गेलेला हा माणूस कांदळवनाच्या कडेने गुडघाभर पाण्यात तरंगत गळ टाकून बसला, आणि परत आला तो वेगळाच. लोक अमेरिकेहून चॉकलेटं आणत. याने मत आणलं. ‘इनामदार, थंडीत मासा उथळ पाण्यात ऊन खायला येतो. आपल्याकडे कोकणात तर वर्षभर पाणी कोमट. आणि आपण शनिवार-रविवार मॉलमध्ये काढतो.’ मी म्हणालो, ‘मॉलमध्ये बुडत नाही माणूस.’

काही वर्षांनी त्याने कयाक घेतली. लाल, प्लास्टिकची, आणि दोन माणसांची. एकट्याने जायचं तर दोन माणसांची कशाला, असं मी विचारलं. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला, आणि मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. मग त्याने वही काढली. कयाकमध्ये पुढे किती वजन, मागे किती, याचं कोष्टक त्याने आखलं होतं. चुका शोधणाऱ्या माणसाला कोष्टकाशिवाय पाण्यातही उतरता येत नाही. ‘तुझं वजन सांग.’ मी सांगितलं, बहात्तर. त्याने लिहून घेतलं आणि म्हणाला, ‘मग कधी येतोस?’ मी म्हणालो, ‘बघू.’

पुण्यात ‘बघू’ म्हणजे नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मिलिंद जन्मापासून पुण्यात राहून हे एक शिकला नाही. कंपनीत चुका नोंदवायची जी यादी असते, तशी त्याने घरी एक केली होती. तिच्यात पहिल्या ओळीत ‘इनामदार कयाकमध्ये बसणार’ असं लिहून पुढे ‘ओपन’, म्हणजे अजून न सुटलेलं, असं लिहिलं होतं. नऊ हिवाळे ती ओळ ओपन राहिली. दर वर्षी यादी नवी व्हायची, बाकीच्या ओळी बदलायच्या, ही पहिली तशीच. आपल्यावर कोणी चिडलं तर निभावता येतं. कोणी चिडतच नाही, नुसतं ओपन ठेवतं, त्याचं काय करायचं?

किनाऱ्यापर्यंत मात्र मी जायचो. शुक्रवारी अर्धी रजा टाकून, गाडीच्या टपावर ती लाल होडी बांधून आम्ही ताम्हिणीतून उतरायचो, आणि वाटेत चहाला थांबलं की लोक गाडीभोवती जमायचे. रायगड जिल्ह्यातली एक लहानशी खाडी त्याने शोधली होती. तिथे काशीदादा म्हणून एक वयस्कर कोळी. पहिल्या दिवशी काशीदादांनी होडीला टकटक करून बघितलं, ‘डब्बा हाय,’ असा निकाल दिला, आणि आभाळाकडे बघून म्हणाले, ‘आज भांग हाय, जावा बिनधास.’ मिलिंद ताठ झाला. मोठ्या अदबीने म्हणाला, ‘नाही, काका, आम्ही दोघंही घेत नाही.’ काशीदादांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली, की खरंच घेत नाही. ते जाळ्याकडे वळले. जाळं विणणाऱ्या बायांना त्यांनी काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण त्या बराच वेळ हसत होत्या. भांग म्हणजे लहान भरती-ओहोटी, अष्टमीच्या सुमाराची, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. भांगाला पाणी संथ असतं, छोटी होडी ओढली जात नाही. हे काशीदादांनी आम्हाला संध्याकाळी समजावलं, लहान मुलांना सांगतात तसं. त्यानंतर नऊ वर्षं ते आम्हाला हाक मारायचे ती ‘ओ, घेत नाय’ अशी.

आता प्रश्न असा की अष्टमी कधी ते कळायचं कसं. इंटरनेटवर भरतीची कोष्टकं होती, पण काशीदादांच्या खाडीला ती एक-दोन तासांनी चुकायची आणि मिलिंदला चुकलेली गोष्ट सहन होत नसे. पंचांग आणावं तर घरी बाबा. मिलिंदचे वडील सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, छप्पन साली लहानपणी आईवडिलांबरोबर दीक्षा घेतलेले. त्या घरात पंचांग कधी आलं नव्हतं. मिलिंदने एकदा वाघोलीच्या स्वयंपाकघरात तिथीवालं कॅलेंडर टांगलं. बाबा आले, त्यांनी चष्मा लावला, पुन्हा काढला. ‘सत्यनारायण कधी आहे?’ एवढंच विचारलं. कॅलेंडर उतरलं. माझ्या घरीही पंचांग नव्हतं, पण माझी अम्मी होती. अम्मी महिन्याचा पहिला चाँद गच्चीवरून स्वतः बघते, कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, आणि तिथून दिवस मोजते. मिलिंदने हिशोब लावला, की अम्मीची आठ म्हणजे काशीदादांचा भांग. मग दर हिवाळ्यात तो थेट तिलाच फोन करायचा. ‘अम्मी, आज कितवा?’ ‘आज पाच. शनिवारी आठ. आणि मिलिंद, या वेळी सुरमई आण, नुसता हात हलवत येऊ नकोस.’ बाबांनाही हे चाललं. ‘बाईंनी डोळ्यांनी बघितलाय ना चंद्र? मग हरकत नाही,’ ते म्हणाले.

सुरमई कधी आली नाही. सुरमई खाडीत नसते, हे नऊ वर्षांत तिला सांगायची माझी छाती झाली नाही आणि मिलिंदची तर नव्हतीच. जे यायचं ते म्हणजे हात लावताच फुगणारा आणि खाता न येणारा एक मासा, त्याला काशीदादा केंड म्हणायचे. कधीमधी काटेरी शिंगाळा. एकदा, एकदाच, हातभर जिताडा लागला. मिलिंदने तो वर उचलून मला दाखवला. मी पुस्तकातून डोकं वर काढेपर्यंत त्याने तो सोडून दिला होता. ‘का सोडलास?’ मी काठावरून ओरडलो. ‘तू बघितलास ना?’ तो म्हणाला. मी बघितला नव्हता. म्हणालो, ‘हो.’

आणि होडीत माझ्या जागी कोण बसायचं, तर जार. पुढची सीट रिकामी राहिली की नाक वर उचललं जातं, असं त्याचं म्हणणं. काशीदादा म्हणाले, दोन दगड ठेव. पण कोष्टकात बहात्तर होतं. म्हणून वीस लिटरचे तीन जार पूर्ण, चौथा अर्धा, वर पाण्याची दोन लिटरची बाटली, हे सगळं खाडीच्या पाण्याने भरून दोरीने बांधायचं. त्याला तो ‘इनामदार भरणं’ म्हणायचा. वाळूवर उभा राहून मला, खऱ्या इनामदाराला, विचारायचा, ‘इनामदार भरले का?’ मग मी माझ्या हाताने स्वतःला भरायचो आणि काठावर थर्मास घेऊन बसायचो. दूरवर कांदळवनाच्या कडेला लाल ठिपका, त्यात तो मागे, आणि पुढे मी, साडेतीन जार. कधी वारा पडला की त्याचं बोलणं ऐकू यायचं. जारांशी बोलायचा. मला वाटायचं, हा माणूस मला छळण्यासाठी हे करतो. आता वाटतं, तो बहुधा नुसताच बोलत होता.

या सगळ्याची चीड बाबांनाही होती, पण वेगळी. एकदा विश्रांतवाडीच्या घरी मी त्यांच्यासमोर मिलिंदची थट्टा करत होतो, की जाऊन-येऊन नऊ तासांचा प्रवास आणि मासा नाही. बाबा पेपर वाचत होते. पेपर न हलवता म्हणाले, ‘आमची आई विहिरीपाशी घागर घेऊन उभी राहायची. वरून कोणी ओतेल तेव्हा पाणी. आणि हे चिरंजीव एवढ्या पाण्याच्या मधोमध जाऊन बसतात, आणि रिकाम्या हाताने परत येतात.’ मिलिंद म्हणाला, ‘बाबा, तेच तर. नुसतं बसता येतं.’ बाबांनी पान उलटलं. त्या घरात त्यानंतर कयाकबद्दल वाकडं बोललेलं मी ऐकलं नाही. मी मात्र बोलत राहिलो. यंदाही दिवाळीनंतर त्याने विचारलं. मी ‘बघू’ म्हणालो, आणि त्याने, मला खात्री आहे, ओपन लिहिलं.

परवा सुजाताचा पुन्हा फोन आला. ‘भाऊजी, सोसायटीने पाटी लावली आहे. तुम्ही येऊन बघता का?’ गेलो. पाटी पार्किंगच्या खांबावर होती: ‘पार्किंगमध्ये होड्या लावू नयेत. लावल्यास टँकर वळत नाही. हुकुमावरून.’ होडी एकच होती. अनेकवचन बहुधा पुढचा विचार करून घातलं असावं. सुजाता म्हणाली, ‘काशीदादांना द्यायची म्हणते मी. ते म्हणाले, डबा तर डबा, आठवण राहील. पण आधी तुम्ही काय ते ठरवा. ह्यांनी ती तुमच्यासाठीच मोठी घेतली होती.’ मी म्हणालो, ‘बघू.’ ती विदर्भातली आहे, पण पुण्यात वीस वर्षं राहिली आहे.

जार धूळ खात पडले होते, अर्ध्या जारावर पेनाने मारलेली रेघ अजून होती. होडीच्या नाकाशी सामान ठेवायला झाकणाचा कप्पा असतो, तो मी आजवर कधी उघडला नव्हता. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत एक लाइफ जॅकेट होतं. नारिंगी, न वापरलेलं, घड्या पडून रंग उडालेला, म्हणजे आजकालचं नव्हे. आतल्या पट्टीवर त्याच्या नीटस अक्षरात ‘इनामदार’. इतकी वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर खाडीत फिरून परत येत होतं... सुजाता वर चहा ठेवायला गेली. मी जॅकेट अंगात घातलं, पाय उचलला आणि पुढच्या सीटवर बसलो. सीट खोल आहे, पाठीला बरी वाटते. समोर भिंत होती आणि भिंतीवर मीटर. मागे कोणी नव्हतं. मी वळून बघितलं नाही, पण मागे कोणी नव्हतं हे मला कळत होतं. थोड्या वेळाने वॉचमन आला आणि अदबीने म्हणाला, ‘साहेब, टँकर यायचाय. जरा बाजूला घेता का?’

घरी आलो तेव्हा अम्मीने विचारलं, जेवणार का. मग आपणहूनच म्हणाली, ‘परवा आठ.’ ती अजून मोजते. मी काशीदादांना फोन करून सांगितलं, की होडी घेऊन परवा येतो, आणि पुढे बसेन, मागे कोणीतरी तुमचा माणूस द्या. ‘मीच बसतो,’ ते म्हणाले. ‘वजन किती तुमचा?’

जॅकेटची चेन लागली नव्हती. ते बहात्तर किलोच्या माणसाचं आहे. मिलिंदने विचारलं तेव्हा मी चौऱ्याऐंशी किलोचा होतो.